वाचकांचे प्रश्न : माध्यमांच्या अभ्यासातल्या अडचणी

संज्ञापन आणि माध्यमे हा विषय शिकणारे, शिकू पाहणारे आणि त्यांचे पालक यांच्या पत्रांतून या वेळचे प्रश्न घेतले आहेत. एकाच अडचणीची अनेक पत्रे होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : संज्ञापन सिद्धान्तांच्या पेपरसाठी प्रारूपे, नावे, सने सगळे पाठ करते. तरी गुण निम्म्यावर अडकतात आणि उत्तरपत्रिकेवर 'केवळ वर्णनात्मक' असा शेरा येतो. काय कमी पडते?

तुमच्या उत्तरात सिद्धान्त येतो, पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडला गेला हे येत नाही. क्लॉड शॅनन यांचे १९४८चे संज्ञापनाचे प्रारूप (संदेश इकडून तिकडे कसा जातो याची आकृती) घ्या. शॅनन बेल लॅब्ज या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या संशोधन संस्थेत काम करणारे गणितज्ञ आणि अभियंते होते. गोंगाट असलेल्या मार्गावरून संकेत शक्य तितका बिनचूक पलीकडे कसा पोचवायचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी या तांत्रिक प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले होते. त्याचा माणसांच्या संवादापर्यंत विस्तार पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांनी केला. हे ठाऊक असले की 'या प्रारूपात अर्थाला स्थान नाही' ही घोटून पाठ केलेली टीका नेमकी कोणाला लागू पडते, हे दोन ओळींत लिहिता येते. गुण त्या दोन ओळींना मिळतात. आणखी एक हमखास चूक म्हणजे शॅनन यांच्या आकृतीत फीडबॅकचा, म्हणजे ऐकणाऱ्याचा प्रतिसाद परत बोलणाऱ्याकडे नेणारा, बाण काढणे. मूळ आकृती एकाच दिशेने जाते. फीडबॅकची कल्पना नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्समधली (यंत्रे आणि सजीव यांतले नियंत्रण व संज्ञापन यांचा अभ्यास) आहे आणि प्रारूपांत ती पुढच्या अभ्यासकांनी आणली.

दुसरे उदाहरण अजेंडा सेटिंगचे, म्हणजे माध्यमे ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात ते लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात या सिद्धान्ताचे. १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल इथल्या १०० मतदारांना गाठले. कोणाला मत द्यायचे हे अजून न ठरवलेलेच मतदार त्यांनी मुद्दाम निवडले. देशापुढचे मोठे प्रश्न कोणते, असे त्यांना विचारले आणि ती क्रमवारी माध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेशी ताडून पाहिली. दोन्ही क्रमवाऱ्या जवळजवळ जुळल्या. निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. इथपर्यंत सगळेच लिहितात. पुढचा भाग सुटतो: दोन याद्या जुळल्या म्हणून कोणी कोणाला घडवले हे सिद्ध होत नाही. लोकांच्या चिंता पाहून माध्यमांनी बातम्या निवडल्या असेही असू शकते. म्हणूनच १९७२च्या निवडणुकीत त्याच अभ्यासकांनी शार्लट इथे त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून आधी काय आणि नंतर काय हे तपासले. आणि 'माध्यमे लोकांना काय विचार करायचा ते सांगतात' असे या सिद्धान्ताच्या नावावर कधीही लिहू नका. कशाबद्दल विचार करायचा एवढेच माध्यमे ठरवतात, असा त्याचा दावा आहे.

थोडक्यात, प्रत्येक सिद्धान्ताच्या टिपणात मूळ प्रश्न, तो तपासण्याची रीत, काय सापडले, त्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप आणि तुम्ही स्वतः शोधलेले एक ताजे उदाहरण असावे. पाठ्यपुस्तकातलेच उदाहरण दिले तर तपासनीस ते त्या दिवशी चाळिसाव्यांदा वाचत असतो. आकृती काढलीत तर तिच्यावर किमान एक वाक्य लिहा. नुसत्या आकृतीने जागा भरते, गुण वाढत नाहीत.

प्रश्न : 'समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम' हा माझा प्रकल्पाचा विषय मार्गदर्शक मॅडमनी परत केला. 'विषय नको, प्रश्न आणा' म्हणाल्या. मला वर्तमानपत्रांच्या आशय विश्लेषणात रस आहे. कुठून सुरुवात करू?

मॅडम बरोबर आहेत. 'परिणाम' हा शब्द आधी खोडा. वर्तमानपत्रात काय छापले हे मोजून ते वाचणाऱ्यावर काय झाले हे कळत नाही. आशय विश्लेषणाने, म्हणजे छापलेला मजकूर ठरलेल्या रकान्यांत मोजण्याने, फक्त आशयाबद्दल बोलता येते, आणि तेही पुष्कळ आहे.

प्रश्न असा घडवा की त्याचे उत्तर आकड्यात किंवा तुलनेत यावे. उदाहरणार्थ : दोन दैनिकांच्या पहिल्या पानावरील बातम्यांत अधिकारी आणि पुढारी यांचे म्हणणे किती वेळा उद्धृत होते आणि ज्यांना प्रत्यक्ष झळ बसली त्यांचे किती वेळा? यात माध्यम, जागा आणि मोजायची गोष्ट ठरली आहे. कालावधी तेवढा जोडायचा.

अंक निवडताना सलग दोन आठवडे उचलू नका. त्या पंधरवड्यात निवडणूक किंवा मोठा अपघात आला तर निकाल त्याचाच लागतो. 'रचित आठवडा' करा. कालावधीतले सगळे सोमवार लिहून त्यातला एक चिठ्ठीने काढा, मग सगळे मंगळवार, असे रविवारपर्यंत. दैनिकाच्या सहा महिन्यांसाठी असा एक आठवडा आणि वर्षासाठी दोन पुरतात, हे १९९३च्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसले होते आणि विद्यार्थी-प्रकल्पात तोच आधार दिला जातो. संकेतस्थळांना आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांना हा नियम तसाच लावू नका, तो छापील दैनिकांवर तपासलेला आहे. शिवाय विषय विरळ असेल, समजा फक्त पाणीटंचाईच्याच बातम्या हव्या असतील, तर रचित आठवड्यात तीन बातम्या हाती लागून प्रकल्प तिथेच बसेल. अशा वेळी नमुना न काढता त्या काळातल्या त्या विषयावरच्या सगळ्या बातम्या घ्या.

आता कामाचा हिशेब. दोन दैनिके, प्रत्येकी १४ अंक, म्हणजे २८ पहिली पाने. पानावर आठ बातम्या धरल्या तर २२४. एका बातमीला सहा मिनिटे लागली तरी जवळजवळ साडेबावीस तास झाले. हे गणित विषय मंजूर करून घेण्याआधी करायचे असते, कारण तिसरे दैनिक जोडण्याचा मोह याच टप्प्यावर होतो.

कोडशीटमध्ये, म्हणजे प्रत्येक बातमीच्या नोंदी भरायच्या तक्त्यामध्ये, प्रत्येक रकान्याची व्याख्या लिहा. निवृत्त अधिकारी 'अधिकारी' धरायचा की 'तज्ज्ञ'? 'सूत्रांनी सांगितले' कुठे टाकायचे? एकाच माणसाची दोन विधाने आली तर एकदा मोजायची की दोनदा? दहा-पंधरा बातम्या प्रत्यक्ष भरून पाहिल्याशिवाय हे प्रश्न सुचतही नाहीत, म्हणून चाचणी फेरी आधी. ती करताना 'इतर' हा रकाना फुगू लागला, ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या वर गेला, तर तुमचे वर्गीकरण चुकले आहे. चाचणीतल्या बातम्या मुख्य नमुन्यात धरू नका.

यानंतर बहुतेकांचा प्रकल्प जिथे घसरतो ती पायरी. नमुन्यातल्या साधारण दहा टक्के बातम्या दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे भरून घ्या. शेजारी बसून, विचारत-सांगत नाही. 'आमचे ९० टक्के जुळले' असे लिहून मोकळे होऊ नका. समजा दहातल्या नऊ नोंदी एकाच रकान्यात पडतात. दोघांनी बातमी न वाचता त्याच प्रमाणात खुणा केल्या तरी ८२ टक्के नोंदी जुळतील: ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, अधिक ०.१ गुणिले ०.१ म्हणजे ०.०१. योगायोगाचा हा वाटा वजा करण्यासाठी कोहेन यांचा कप्पा हा आकडा काढतात. ९० टक्के जुळूनही इथे कप्पा (०.९० − ०.८२) भागिले (१ − ०.८२), म्हणजे जेमतेम ०.४४ येतो. क्रिपेंडॉर्फ यांचा अल्फा हे याच कामाचे दुसरे माप वापरलात तर ०.८० किंवा वर हवा. ०.६६७च्या खाली गेला तर त्या रकान्यावरून निष्कर्ष काढू नये. आकडा कमी आला तर तो लपवू नका. व्याख्या सुधारा, पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही आकडे अहवालात द्या. असा अहवाल तपासणाऱ्याला जास्त विश्वासार्ह वाटतो.

प्रश्न : ऑनलाइन फॉर्म मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकून १२० उत्तरे मिळवली. तोंडी परीक्षेत 'हा नमुना कशाचा?' असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

तो सोयीचा नमुना आहे, म्हणजे सहज हाती लागलेल्या माणसांचा, आणि तसे स्पष्ट लिहिले तर त्यात गुन्हा काही नाही. चूक होते ती 'तरुणांपैकी ६८ टक्के' असे लिहिण्यात. 'उत्तर देणाऱ्या १२० जणांपैकी' असे लिहा. ४०० जणांच्या नमुन्याला साधारण पाच टक्के कमी-अधिक आणि १०००ला तीन टक्के, हे आकडे फक्त यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्याला लागू असतात. ग्रुपमधून आलेल्या ४००० उत्तरांनाही ते चिकटवता येत नाहीत.

फॉर्म पाठवण्याआधी आठ-दहा जणांकडून तुमच्यासमोर भरून घ्या आणि कुठे थबकतात ते पाहा. 'तुम्हाला बातम्या विश्वासार्ह आणि उपयुक्त वाटतात का?' यात दोन प्रश्न एकात आहेत, ते वेगळे करा. 'तुम्ही रोज किती वेळ मोबाइल पाहता?' यावर माणसे अंदाज ठोकतात. त्याऐवजी फोनच्या सेटिंगमधला कालच्या दिवसाचा आकडा पाहून लिहायला सांगा.

प्रश्न : रेडिओ प्रात्यक्षिकासाठी फोनवर मुलाखत ध्वनिमुद्रित केली. घुमणारा आवाज, मागे घरघर. संपादनात खूप खटपट केली, आवाज आणखीनच पत्र्यासारखा झाला. महागडा माइक घ्यावा का?

आधी अंतर कमी करा, खरेदीचे नंतर पाहू. माइक आणि तोंड यांच्यातले अंतर दुप्पट झाले की सरळ पोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून टेबलावर मधोमध ठेवलेल्या फोनमध्ये माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. हातातला माइक किंवा फोन तोंडापासून वीतभर, साधारण २० सेंटिमीटरवर, आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला की 'प', 'फ', 'भ' उच्चारताना हवेचा फटका बसतो. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. ओढणी, दागिना किंवा कडक कापड त्याला घासणार नाही हे बोलणाऱ्याला एकदा मान हलवायला सांगून तपासा.

खोली निवडताना टाळी वाजवा. शेपूट लांबले तर दुसरी खोली शोधा. उघड्या फरशीची, रिकाम्या भिंतींची खोली सर्वांत वाईट. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेले कपाट, पुस्तके असलेली जागा चांगली. पंखा आणि फ्रीज बंद करा, आणि फ्रीज परत सुरू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा (ही युक्ती ध्वनिमुद्रकांमध्ये जुनी आहे). फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर नेटवर्कची टुर्रटुर्र माइकच्या वायरीतून आत येते.

सेटिंग : ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल, एका माणसासाठी मोनो. आवाजाची सर्वांत उंच उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकला की लाटेचा माथा छाटला जातो आणि तो नीट परत आणता येत नाही. पातळी आपोआप बदलणारी सोय असेल तर ती बंद करा, कारण माणूस श्वास घ्यायला थांबला की ती पातळी वर चढवते आणि मागची घरघर उसळते. तुमच्या मुद्रणात हेच झाले असावे.

पहिली अर्धी मिनिट मुद्रित करा, थांबा, हेडफोन लावून ऐका, मगच पुढे जा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्या. संपादनात दोन वाक्यांमधली फट भरायला तो लागतोच. एकसारखी घरघर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी निघते. घुमणे मात्र नीट निघत नाही, आणि ते ओढून काढायला गेले की तुम्ही म्हणता तसा पत्र्याचा आवाज होतो.

कार्यक्रमात तुमचे प्रश्न ठेवायचे नसतील तर पाहुण्यांना आधीच सांगा : 'माझा प्रश्न आपल्या उत्तरात घेऊन बोला.' नाहीतर 'हो, अगदी, तेव्हापासूनच' असे उत्तर येते आणि ते कशाबद्दल आहे हे श्रोत्याला कळत नाही. मुलाखत शब्दशः उतरवायची असेल तर तासभराच्या बोलण्याला किमान चार तास धरा.

प्रश्न : बातमीलेखनाच्या वर्गात माझा इंट्रो (बातमीचे पहिले वाक्य) दर वेळी परत येतो. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सगळे 'क'कार घातलेले असतात. मग चूक कुठे?

सगळे 'क'कार एकाच वाक्यात कोंबणे हीच चूक. तुमच्या पत्रासोबतच्या नमुन्यासारखे वाक्य बघा : 'ग्रंथालयाच्या सभागृहात काल सायंकाळी पार पडलेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्षांच्या उपस्थितीत विविध विषयांवर सखोल चर्चा होऊन वाचनकक्षाची वेळ वाढवण्याचा महत्त्वपूर्ण निर्णय घेण्यात आला.' मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे काय घडले हे कळायला वाचकाला सभागृह, सायंकाळ, अध्यक्ष आणि सखोल चर्चा हे सगळे पार करावे लागते.

हे बघा : 'ग्रंथालयाचा वाचनकक्ष येत्या सोमवारपासून रात्री अकरापर्यंत खुला राहणार आहे. आतापर्यंत तो आठला बंद होत असे.' बैठक, अध्यक्ष, चर्चा हे तिसऱ्या वाक्यापासून खाली, आणि नसले तरी बातमी मोडत नाही. पहिले वाक्य पंचविसेक शब्दांच्या आत ठेवा. 'घेण्यात आला', 'करण्यात आले' दिसले की थांबा आणि कोणी केले ते लिहा, कारण बातमीत बहुधा तेच महत्त्वाचे असते. 'महत्त्वपूर्ण' काढून टाका. तीन तास वाढले हे वाचून वाचक ते ठरवील. आणि 'याबाबत सविस्तर वृत्त असे की' या सात-आठ पिढ्या जुन्या प्रवेशद्वारातून आत शिरू नका, सरळ वृत्तच द्या.

प्रश्न : वर्गात शूट केलेल्या व्हिडिओत ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे लुकलुकतात. कॅमेरा बिघडला आहे का?

नाही. विजेचा पुरवठा ५० हर्ट्‌झचा असेल तर बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि २५ फ्रेमवर शूट करा. पुरवठा ६० हर्ट्‌झचा असेल तिथे १/६० किंवा १/१२०, आणि ३० फ्रेम. फोनमध्ये शटर हाती येत नसेल तर ते देणारे कॅमेरा ॲप वापरा. स्वस्त एलईडी दिव्यांचे लुकलुकणे याने थांबेलच असे नाही. तेव्हा माणसाला खिडकीपाशी बसवा, उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येऊ द्या आणि तो दिवा विझवा.

प्रश्न : मुलीला माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम घ्यायचा आहे. आम्ही दोघेही या क्षेत्रातले नाही. महाविद्यालय पाहायला जाऊ तेव्हा काय विचारावे?

चकचकीत स्टुडिओ दाखवतील. तो जरूर पाहा, आणि विचारा की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यात आठवड्याला किती तास मिळतात, एका कॅमेऱ्यामागे किती मुले असतात, आणि साहित्य घरी किंवा बाहेर नेऊ देतात का. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी संपादनकक्ष उघडा असतो का हेही विचारा, कारण कामे त्याच वेळी होतात. विद्यार्थ्यांचे नियतकालिक, रेडिओ किंवा संकेतस्थळ असेल तर मागचे सहा अंक दाखवायला सांगा. एकच अंक, तोही स्नेहसंमेलनाचा, पुढे आला तर समजून घ्या.

अभ्यासक्रमात संशोधनपद्धती, माध्यमविषयक कायदा आणि साधी संख्याशास्त्राची ओळख आहे का ते बघा. नुसती सॉफ्टवेअर शिकवणारा अभ्यासक्रम ती सॉफ्टवेअर बदलली की जुना होतो. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी शिक्षक जवळ नसताना बोला आणि एवढेच विचारा : 'शेवटचे काम शिक्षकांनी काय बदलायला सांगून परत दिले?' त्यांना नेमके उत्तर देता आले तर तिथे काम तपासले जाते असे धरायला हरकत नाही. हे बोलणे मुलीलाच करू द्या, तिला मुले जास्त मोकळेपणाने सांगतील.

प्रश्न : असाइनमेंटसाठी एआयकडून संदर्भ घेतले. त्यातले दोन लेख कुठेच सापडत नाहीत.

ते बहुधा अस्तित्वातच नाहीत. अशी साधने खऱ्या अभ्यासकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि न लिहिलेला लेख यांची बेमालूम जोडणी करतात. जो लेख तुम्ही उघडून पाहिलेला नाही तो यादीत नको. लेख खरा निघाला तरी तुम्ही दिलेले विधान त्यात खरोखर आहे का ते पान उघडून बघा, चूक अनेकदा तिथेही असते. ते दोन संदर्भ काढा आणि त्यांच्यावर उभी असलेली वाक्येही काढा.

प्रश्न : गटाच्या माहितीपटाचे एक दिवसाचे चित्रण कार्डवरून उडाले. परत असे होऊ नये म्हणून काय करावे?

ते कार्ड अजून तसेच असेल तर त्यावर काहीही नवे चित्रित करू नका आणि ते फॉरमॅट करू नका. पुसलेल्या फाइलींवर नवे लिहिले गेले नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने त्या अनेकदा मिळतात. सापडलेल्या फाइली त्याच कार्डवर नव्हे, दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा.

पुढच्या वेळी तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून काढताच त्याचे कुलूप सरकवा आणि ते ठरलेल्या एकाच डबीत ठेवा. प्रत केल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. पहिली, मधली आणि शेवटची फाइल चालवून बघा. कार्ड फॉरमॅट करायचे ते कॅमेऱ्यातच, आणि दोन प्रती झाल्याचे गटातल्या दुसऱ्या कोणीतरी पाहिल्यावर. हे काम गटात एकाच माणसाच्या नावावर लिहून द्या. 'सगळ्यांनी बघायचे' ठरले की कोणीच बघत नाही, आणि तुमच्या पत्रावरून तरी तेच झालेले दिसते.